शेजारचे शेत आणि शाळेचे ताट : एक प्रतिवाद

शाळेतील मध्याह्न भोजनात आसपास पिकणारे धान्य, डाळी आणि भाजीपाला आणावा, अशी सूचना निघाली की तिच्याविरुद्ध जो युक्तिवाद पुढे केला जातो, तो आता इतका पाठ होऊन गेला आहे की त्यातील एकेक विधान तपासून पाहण्याची आवश्यकता तो करणाऱ्यालाही वाटेनाशी झाली आहे. कल्पना रम्य आहे, असे प्रथम मान्य केले जाते. मग ती अमलात आणू गेल्यास खर्च वाढेल, पुरवठ्यात सातत्य राहणार नाही, अन्नाच्या शुद्धतेची हमी कोणी घेणार नाही, आणि एका शाळेत एक व दुसरीत दुसरे शिजू लागले की सर्व मुलांना समान आहार देण्याचे तत्त्वच कोसळेल, असे सांगून ती आदरपूर्वक बाजूला सारली जाते. भोपाळच्या कोलार रोडवर, जिथे आम्ही राहतो, हा युक्तिवाद आम्ही निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेल्या तरुणांच्या तोंडून ऐकला आहे, आणि ज्यांना रोज ते अन्न वाढावे लागते अशा शिक्षकांच्या तोंडूनही ऐकला आहे. तो दुष्ट हेतूने केला जातो असे आमचे म्हणणे नाही. पण तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत युक्तिवाद करणाऱ्यांना नव्हे, तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोजावी लागते; सबब त्याचे सविस्तर खंडन करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मराठी वाचकांपुढे हे खंडन मांडण्याला आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील दप्तरे इकडे आली, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी ह्या राज्याच्या कारभाराची घडी बसवण्यास मोठा हातभार लावला. निविदा, मंजूर दर, नमुना, पोचपावती आणि तपासनीसाचा शेरा ह्या शिस्तीवर आमच्या घरांचा चरितार्थ चालला, आणि त्या शिस्तीचा अभिमान बाळगण्यात गैर काहीच नाही. मात्र दप्तरात जे बसत नाही ते अशक्यच असले पाहिजे, असे मानण्याची सवय त्याच शिस्तीतून लागते, आणि ती सवय आमच्या मंडळींच्या अंगी चांगलीच मुरली आहे. शिवाय ज्या ताटाबद्दल आम्ही मत देतो त्या ताटाला आमच्या घरातील मुलाचा हात लागत नाही. आमची मुले खाजगी शाळांत जातात आणि त्यांचा डबा घरून जातो. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही त्याच्या अन्नाविषयी बोलताना एवढे तरी भान राखले पाहिजे.

समानतेचा आक्षेप दिसायला सर्वांत भारदस्त आहे, म्हणून तोच आधी घेऊ. प्राथमिक शाळांसाठीची राष्ट्रीय पोषणयोजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली खरी, पण पुष्कळ राज्यांत पुढे कित्येक वर्षे मुलांच्या हाती शिजलेले अन्न न पडता दरमहा तीन किलो कोरडे धान्यच पडत राहिले. ही स्थिती बदलली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने. त्या आदेशात काय सांगितले होते, हे समानतेचा दाखला देणाऱ्यांनी एकदा वाचून पाहावे. दररोज किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न, वर्षातून किमान २०० दिवस, असे त्याचे स्वरूप होते. पुढे ही प्रमाणे वाढून प्राथमिक वर्गासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने अशी झाली. ह्यांत कोठेही पदार्थाचे नाव नाही. कायद्याने जी समानता अपेक्षिली आहे ती पोषणाची आहे. डिंडोरीच्या मुलाने आणि भोपाळच्या मुलाने एकच भाजी एकाच दिवशी खावी असे न्यायालयाने सांगितलेले नाही, संसदेनेही नाही. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये ह्या योजनेला ‘पीएम पोषण’ हे नाव देऊन केंद्राने जेव्हा तिची नवी मांडणी केली, तेव्हा स्थानिक धान्ये व भाज्या, शेतकरी उत्पादक संस्था आणि महिला बचत गट ह्यांचा सहभाग वाढवण्याचे उद्दिष्ट स्वतःच तिच्यात नमूद केले. म्हणजे जे आज आम्हांला रम्य कल्पना म्हणून सांगितले जाते ते शासनाचे जाहीर धोरण आहे, आणि आक्षेप घेणारे आमच्याशी नव्हे तर त्या धोरणाशी वाद घालीत आहेत.

दुसरा आक्षेप असा की हजारो शेतकऱ्यांकडून माल विकत घेणे, त्याची प्रत तपासणे, हिशेब ठेवणे आणि रक्कम चुकती करणे हे शासनयंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. हा आक्षेप अन्य कोणत्या राज्यात कोणी घेतला असता तर आम्ही तो सबुरीने ऐकून घेतला असता. मध्यप्रदेशात तो घेतला जावा ह्याचे मात्र आम्हांला नवल वाटते. दरवर्षी गहू निघाला की ह्या राज्यातील लाखो शेतकरी नोंदणी करतात, ठरलेल्या तारखेला ट्रॉली घेऊन खरेदी केंद्रावर येतात, धान्यातील ओलावा मोजला जातो, तोल होतो, आणि रक्कम त्यांच्या खात्यात जमा होते. २०२०-२१ च्या हंगामात मध्यप्रदेशाने १२९ लाख टनांहून अधिक गहू खरेदी केला आणि पंजाबलाही मागे टाकले. २०२५ मध्ये केंद्राच्या २,४२५ रुपये हमीभावावर राज्याने १७५ रुपये बोनस देऊन क्विंटलला २,६०० रुपये मोजले. ही खरेदी विकेंद्रित पद्धतीची आहे, म्हणजे राज्यच ती करते, राज्यच तो माल साठवते, आणि रेशन व अन्य कल्याणयोजनांसाठी राज्यातच वाटते. तेव्हा शाळेतल्या रोटीचा गहू बहुतांशी ह्याच मुलुखातल्या जमिनीतला असतो. स्थानिक अन्नाचे तत्त्व धान्याच्या बाबतीत ह्या राज्यात प्रत्यक्ष चालू आहे, आणि त्याला भाबडेपणा म्हणण्याचे धाडस कोणी केलेले ऐकिवात नाही. एवढी अफाट खरेदी ज्या यंत्रणेला पेलते तिला हरभऱ्याची डाळ, मसूर, पालक, मेथी आणि दुधी ह्यांची त्या मानाने अगदीच लहान खरेदी पेलणार नाही, हे कोणत्या गणिताने सिद्ध होते ते आक्षेपकांनी दाखवावे.

आता खर्चाचा प्रश्न. गहू-तांदूळ केंद्राकडून विनामूल्य मिळतात. डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन ह्या बाबींसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकमध्ये १० रुपये १७ पैसे असा दर आहे. ही रक्कम अपुरी आहे, आणि ती वाढली पाहिजे असे आमचे ठाम मत आहे. परंतु आहे त्या रकमेतही हिशेब मांडून पाहू. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला रोजचे ६७८ रुपये मिळतात. मुलामागे २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले असल्यामुळे त्या शाळेला दोन किलो डाळ, पाच किलो भाजी आणि अर्धा किलो तेल लागते. तुरीची डाळ किलोला १२० रुपये आणि तेल १४० रुपये धरले तर ह्या दोहोंचे ३१० रुपये होतात. भाजी किलोला ३० रुपये धरली तर तिचे १५०. उरलेल्या २१८ रुपयांत मीठ-मसाला आणि इंधन भागवायचे. ह्या जमाखर्चात भाजीची बाब किती लहान आहे ते पाहावे. ती जवळच्या शेतातून घेतल्याने किलोमागे दोन-चार रुपयांचा फरक इकडेतिकडे पडला तरी शंभर मुलांमागे वीस रुपयांच्या वर काही जात नाही. आणि फरक बहुधा उलट्याच दिशेने पडेल. कारण भरल्या हंगामात टोमॅटोचा भाव इतका कोसळतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि त्याच दिवसांत शाळेच्या वरणात मात्र टोमॅटो शोधावा लागतो.

सातत्य राहणार नाही, माल पुरणार नाही, ह्या म्हणण्याचेही असेच आहे. प्रत्येकी दोनशे मुलांच्या वीस शाळा घेतल्या तर त्यांना मिळून दिवसाला भाजी लागेल दोनशे किलो. लोक ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्या गाडीचा अर्धा हौदाही एवढ्याने भरत नाही. कोलार रोडवर शेती उरली आहेच कोठे, असे विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या वसाहतीच्या फाटकातून डावी-उजवीकडे न वळता सरळ धरणाच्या दिशेने जावे. २०१४ मध्ये भोपाळ महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत कोलारची नगरपालिका वेगळी होती, आणि त्याच्याही आधी ही सगळी गावेच होती. दुतर्फा इमारती उभ्या राहिल्या, रस्ता सहापदरी झाला, तरी बैरागढ चिचलीच्या पुढे मळे लागतात, आणि त्याच्याही पलीकडे सीहोर जिल्ह्यातील गावे सुरू होतात, ज्यांच्या शरबती गव्हाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात पहाटे ह्या मळ्यांतून पालक आणि मेथीच्या जुड्या बांधण्याचे काम चालते. बाया हौदाच्या काठाशी बसून मुळांची माती धुतात, पिवळी पाने खुडतात, सुतळीने जुडी आवळतात आणि ओल्या गोणपाटाखाली रचून ठेवतात. उजाडण्याच्या आत तो माल करोंदच्या मंडीकडे निघतो, म्हणजे शहर ओलांडून थेट उत्तर टोकाला. तेथे आडत, हमाली आणि दोन-तीन हात बदलून त्यातलाच काही पुन्हा कोलार रोडच्या भाजीबाजारात येतो, तोवर दुपार झालेली असते आणि पाने माना टाकतात. वाटेतली शाळा मात्र त्या गाडीला कधीच भेटत नाही. मक्ता एकाच पुरवठादाराला देण्याची अट शाळेला ह्या मळ्याशी थेट व्यवहार करू देत नाही. जमीन कमी नाही, पाणी कमी नाही, पिकवणारे हात कमी नाहीत. आड येते ती खरेदीची रीत, आणि रीत माणसांनीच ठरवलेली असल्यामुळे ती माणसांना बदलताही येते.

उन्हाळ्यात आणि भर पावसात पालेभाजी मिळत नाही, हे खरे आहे. त्या महिन्यांत भोपळा, दुधी, गिलकी आणि भेंडी मिळतात, आणि कडधान्ये तर वर्षभर मिळतात. हरभऱ्याच्या उत्पादनात ज्या राज्याचे नाव देशात महाराष्ट्राच्या बरोबरीने घेतले जाते, त्या राज्यातील मुलांना आठवड्यातून दोनदा उसळ देण्याला ऋतू कोणता आडवा येतो?

केंद्रीय स्वयंपाकगृहांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण शहरी भागात तीच ह्या योजनेचा कणा मानली जातात. गावातील शाळांत महिलांचे स्वसहायता समूह स्वयंपाक करतात. शहरात, जिथे शाळेला चूल मांडण्याइतकी जागा नाही, तिथे एका मोठ्या मुदपाकखान्यात हजारो मुलांचे अन्न शिजवून ते गाडीने पोचवण्याची मुभा केंद्राच्या सूचनांनी दिली आहे. यंत्रावर रोट्या होतात, पातेल्यांची स्वच्छता राखली जाते, कामगार डोक्याला टोपी घालतात, आणि ह्या सर्वांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण सोय म्हणून दिलेली मुभा हाच आदर्श ठरू लागतो तेव्हा डब्याचे झाकण उघडल्यावर काय दिसते, तेही सांगणे भाग पडते. एका शाळेत आम्ही ते जवळून पाहिले आहे. रोट्या गरम असतानाच डब्यात रचल्यामुळे झाकणाला आतून वाफेचे थेंब धरले होते. ते वरच्या रोट्यांवर गळून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि कडेच्या रोट्या धातूला लागून चिवट झाल्या होत्या. मुले रोटीचा मधला मऊ भाग तोडून वरणात बुडवत आणि काठ ताटात ठेवून देत. वरण पातळ होते, कारण घट्ट वरण वाटेत तळाशी बसते. भाजी बटाट्याची होती, कारण बटाटा प्रवासात टिकतो. म्हणजे त्या ताटात काय असावे हे मुलाच्या शरीराच्या गरजेवरून ठरलेले नव्हते. गाडीत काय टिकते ह्यावरून ते ठरलेले होते. ज्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पाच वर्षांखालील ३५.७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ७२.७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, आणि ह्याच वयाची मुले पुढे शाळेच्या पंगतीत बसतात, तिथे लोह आणि जीवनसत्त्वे देणारी पालेभाजी प्रवासात काळवंडते म्हणून वगळली जावी, हे आम्हांला मान्य होण्यासारखे नाही.

शुद्धतेचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत जेवलेली २३ मुले दगावली. तेव्हापासून गावात शिजवण्याविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण त्या घटनेचा उल्लेख करतो. परंतु त्या मुलांचा जीव गावच्या भाजीने घेतला नव्हता. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले होते, आणि ते तेल दुकानातून आलेले होते. त्या दुर्घटनेने शिकवले ते हे की शिजवणारीने विचित्र वास येतो म्हणून सांगितले तर अन्न थांबवण्याचा अधिकार तिच्याकडे असला पाहिजे, वाढण्यापूर्वी शिक्षकाने व एका पालकाने चव घेतलीच पाहिजे, आणि साठवणीची जागा स्वतंत्र असली पाहिजे. ह्यांपैकी एकही दक्षता घेण्यास शेत जवळ असल्याने अडचण येत नाही. किंबहुना एका शाळेच्या चुलीवर चूक झाली तर ती त्या शाळेपुरती राहते. हजारो मुलांचे अन्न एका ठिकाणी शिजत असेल तर तीच चूक दुपारपर्यंत अनेक वस्त्यांत पोचलेली असते.

दुसरे उदाहरण आमच्या राज्यातलेच आहे, आणि ते अलीकडे फार वेळा पुढे केले जाते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले, आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष आढळले. हत्तींनी उभ्या पिकातील कोदो हे भरडधान्य मोठ्या प्रमाणावर खाल्ले होते. झाले, कोदो-कुटकी मुलांच्या ताटात आणा म्हणणाऱ्यांना उत्तर सापडले. वस्तुस्थिती अशी की काढणीच्या सुमारास पीक ओले राहिले तर कोदोवर बुरशी धरते आणि असे धान्य गुंगी आणते, हे ते पिकवणाऱ्या गोंड आणि बैगा शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच ते वाळवण्याची आणि साठवण्याची काळजी घेतली जाते. ओलाव्याची मोजणी, चांगली वाळवण आणि प्रत्येक खेपेची तपासणी हे ह्यावरचे उपाय आहेत. गव्हाच्या खरेदीत ओलावा मोजणारे यंत्र प्रत्येक केंद्रावर असते. कोदोसाठी ते का नसावे? भुईमुगावरही बुरशीचे विष धरू शकते, म्हणून कोणी मुलांच्या हातातली चिक्की काढून घेत नाही. येथे एवढे मात्र आम्ही आमच्या बाजूच्या उत्साही मंडळींना सांगू इच्छितो की कोदो-कुटकी हे डिंडोरी-मंडल्याचे अन्न आहे, कोलार रोडचे नव्हे. आमच्या आसपासची जमीन गहू, हरभरा, मसूर, मका आणि सोयाबीन देते. स्थानिक म्हणजे इथले, असा अर्थ घेतला तर भरडधान्यांची मोहीम राजधानीत आणून शोभेसाठी एक दिवस तिचा लाडू वाटण्यापेक्षा डिंडोरीच्या मुलाला डिंडोरीचे आणि भोपाळच्या मुलाला भोपाळचे मिळणे अधिक सयुक्तिक ठरेल.

बाहेरून आलेल्या अन्नाचा अनुभव आमच्या लोकांना नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामांवरच्या मुलाबाळांनी सुकडी खाल्ली. त्या अन्नाने जीव वाचले, त्याबद्दल कृतज्ञता बाळगली पाहिजे, पण दुष्काळ सरल्यावर कोणी मिलो मागितली नाही. जपानचा दाखला ह्याहून बोलका आहे. तेथे शाळेतले पहिले भोजन १८८९ मध्ये त्सुरुओका गावात गरीब मुलांना दिले गेले, त्यात भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मदतीचा गहू आला आणि शाळांत पाव व दुधाची भुकटी सुरू झाली. आणि भात पिकवणाऱ्या त्या देशाला शाळेच्या ताटात भात अधिकृतपणे परत आणण्यासाठी १९७६ साल उजाडावे लागले. आपत्काळातील सोय एकदा व्यवस्थेत रुजली की ती उपटायला एक पिढी जाते. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला, की शालेय भोजनासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रकमेची खरेदी थेट लहान शेतकरी कुटुंबांकडून व्हावी. आणि दर स्थानिक बाजाराला धरून असतील तर त्या खरेदीला सर्वसाधारण निविदापद्धतीतून सूट दिली. आपल्याकडील आक्षेपक ज्या गाठीपाशी अडून बसले आहेत तीच गाठ तेथे कायद्याच्या एका कलमाने सोडवली गेली.

महाराष्ट्राला तर ह्यासाठी ब्राझीलपर्यंतही जाण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जातीपातीची बंधने तोडून बहुजनांच्या मुलांना एका पंगतीला बसवले, तेव्हा त्या पंगतीचे धान्य आले ते खेड्यापाड्यांतील बायकांनी दळणाच्या वेळी बाजूला काढलेल्या मुठीमुठीतून. मुष्टिफंडावर पोसली गेलेली पोरे पुढे शिक्षक झाली, अधिकारी झाली. शेजारच्या शेतातले अन्न निकृष्ट आणि अनियमित असते असे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते.

आता आमच्या बाजूने बोलणाऱ्या, पण आमचे म्हणणे बिघडवणाऱ्या मंडळींविषयी. स्थानिक अन्न म्हणजे सात्त्विक अन्न, असे समीकरण मांडून अंड्याला विरोध करणारा एक वर्ग आहे. ह्या राज्यात २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडे देण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला आणि पुढेही तो टिकू शकला नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. ज्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचा हे राज्य अभिमान मिरवते, त्याच झाबुआच्या भिल्ल मुलाला शाळेत अंडे मिळत नाही. स्थानिकतेचा आग्रह धरायचा तर तो भिल्ल, गोंड आणि बैगा घरांतील चुलीपर्यंत नेला पाहिजे. एका वर्गाच्या सोवळ्याला स्थानिक संस्कृतीचे नाव देऊन दुबळ्या मुलांच्या ताटातून उत्तम प्रथिने काढून घेणे हा अन्याय आहे, आणि त्याला आमच्या युक्तिवादाचा आधार मिळू नये. ज्यांना नको त्यांना केळे किंवा दूध द्यावे. ज्यांना हवे त्यांचे अंडे रोखण्याचा हक्क कोणालाही नाही.

परसबागेचेही असेच सांगता येईल. शाळेच्या आवारात चार वाफे केले, छायाचित्र पाठवले, आणि स्थानिक अन्नाची बाब पूर्ण झाली असा अहवाल गेला, म्हणजे मुलांना वनस्पतिशास्त्राचा धडा मिळाला, भाजी मात्र मिळाली नाही. वाढदिवसाच्या निमित्ताने दात्यांनी घातलेले तिथिभोजन आनंदाचे असते, पण हक्काच्या अन्नाची जागा दानाने भरून निघत नाही.

एक आक्षेप मात्र आम्हांला खरा वाटतो आणि तो आक्षेपकांनी फारसा मांडलेला नाही. खरेदी गावपातळीवर आली की तिथला जमीनदार, सरपंचाचा भाऊ किंवा शाळासमितीचा प्रमुख आपलाच माल आपल्याच भावाने शाळेच्या गळ्यात मारील, आणि ज्या बायका शिजवतात त्यांना तोंड उघडता येणार नाही. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकिणींच्या नेमणुकीत दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे सांगितले, तरीही त्यांच्या हातचे नको म्हणून मुलांना घरी नेल्याच्या बातम्या अजून येतात. ह्या स्त्रियांच्या मानधनातील केंद्राचे प्रमाण २००९ पासून महिना १,००० रुपयांवर थांबलेले आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण मूळ आकडा हललेला नाही. अशा परिस्थितीत भाजी निवडण्याचे, धुण्याचे, चिरण्याचे वाढीव काम त्यांच्यावर विनामोबदला टाकले जाणार असेल, तर स्थानिक अन्न म्हणजे गरीब बाईच्या कष्टातून काढलेली बचत ठरेल, आणि तसे आम्हांला नको आहे. म्हणून खरेदीचा दर, विकणाऱ्याचे नाव आणि त्या दिवशी आलेल्या मालाचे वजन शाळेच्या दर्शनी भिंतीवर रोज लिहिले गेले पाहिजे. सामाजिक अंकेक्षण योजनेत सक्तीचे आहेच, त्यात ह्या भिंतीची कीर्दीशी ताडणी व्हावी. आणि ताजी भाजी शिजवणाऱ्या शाळेत स्वयंपाकिणीच्या तासांचा वाढीव मोबदला वेगळा मंजूर व्हावा.

राज्य दरवर्षी ह्या योजनेची कार्ययोजना व अंदाजपत्रक केंद्राकडे मंजुरीस पाठवते. पुढल्या वेळी त्यात कोलार परिसरातील शाळांपुरती एवढीच तजवीज असावी : गहू, डाळ आणि तेलाचा पुरवठा आहे त्याच मार्गाने चालू राहावा, भाजीची रक्कम मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांसाठी शाळासमूहाच्या खात्यावर पेशगी द्यावी, आणि बैरागढ चिचलीकडच्या व पलीकडच्या गावांतील शेतकरी-समूहांनी आठवड्याचा दर ठरवून रोज सकाळी शाळेच्या दारात माल उतरवावा. जिथे चुलीला जागा आहे तिथे भाजी शाळेतच शिजावी. जिथे नाही तिथे ती केंद्रीय मुदपाकखान्यात पोचावी, पण त्याच सकाळी. आणि दोन्ही प्रकारच्या शाळांत, जेवणे झाल्यावर ताटांत जे उरते त्याचे वजन त्या महिन्यांत रोज करून ते नोंदवहीत लिहिले जावे. स्थानिक भाजीच्या शाळेत खर्च किती आला, कितींदा माल चुकला, किती मुलांना त्रास झाला आणि किती अन्न फेकले गेले, हे आकडे मार्चमध्ये आक्षेपकांसमोर ठेवता येतील. ते आमच्याविरुद्ध गेले तर आम्ही त्यांचा विचार करू. पण असा प्रयोग होऊ न देता हे जमणार नाही असे जे म्हणतात, त्यांचे विधान पुराव्यावाचून केलेले आहे आणि तोपर्यंत ते ग्राह्य धरण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.